ओख्याच्या पाण्यातले करंडे

बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच आठवड्यात मी वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेले आणि म्हणाले, "मला पुढं काम करायचंय ते समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर."

सर भिंगाची काच पुसत होते. पुसता पुसता त्यांनी विचारलं, "समुद्र कुठं आहे आपल्याकडे?"

"ओख्याला आहे, सर. आपल्याच राज्यात."

ते खरं होतं. बडोद्याच्या महाराजांचं राज्य एकसंध नव्हतं. त्याचा एक तुकडा काठियावाडच्या पार टोकाला, द्वारकेच्या पुढं समुद्रात घुसलेला होता. ओख्याचं नवं बंदर बांधून झालं होतं आणि तिथल्या एका डॉक्टरांनी सरांना समुद्राच्या पाण्याचा गाळ बाटलीत घालून पाठवला होता. त्यातला एक थेंब सरांनी आम्हा विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. काचेचे गोल, चौकोनी, होडीसारखे डबे, आणि त्यांच्यावर इतकी बारीक नक्षी की आमच्या वाडीतल्या कुठल्याच सोनाराला ती साधली नसती. त्यांना डायाटम म्हणतात, ते एका पेशीचे असतात आणि समुद्रातल्या सगळ्या माशांचं पोट शेवटी त्यांच्यावरच चालतं, असं सर म्हणाले होते. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

"त्या बाटलीतले डबे मेलेले होते," सर म्हणाले. "तुम्हाला काय शोधायचंय?"

मी पाठ करूनच गेले होते. डायाटमची पेशी म्हणजे झाकणाचा डबा. पेशीचे दोन भाग होतात तेव्हा एकाला झाकण मिळतं, दुसऱ्याला तळ. आणि दोघंही मिळालेल्या अर्ध्या भागाला झाकण समजून त्याच्या आत नवा तळ बनवतात. म्हणजे एक पोर आईएवढं आणि दुसरं जरासं लहान. पुढच्या खेपेला आणखी लहान. असं होत गेलं तर जात संपायला हवी, पण ती संपत नाही. एका ठरावीक लहानपणाला पोचल्यावर पेशी कवच टाकून फुगते आणि पुन्हा मोठी होते, असं परदेशातल्या लोकांनी पाहिलं होतं. आपल्या समुद्रातल्या जातींत हे कधी आणि कसं होतं ते कोणी पाहिल्याचं सरांना किंवा मला ठाऊक नव्हतं. मला ते पाहायचं होतं. आणि त्यासाठी त्या पेशी जिवंत हव्या होत्या, महिनोन्‌महिने.

सरांनी काच खाली ठेवली. "सुरसागर तलावाचं हिरवं पाणी घ्या. कॉलेजपासून चालत जाता येईल. वर्षात प्रबंध होईल."

"नको सर. मला हेच हवंय."

"बघा मग," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि उत्साहही नव्हता.

सरांनी त्या डॉक्टरांना लिहिलं, आणि जिवंत पाण्याच्या बाटल्या गार्डाच्या डब्यातून आल्या. मी स्टेशनावर जाऊन त्या घेतल्या आणि कॉलेजात आणून बूच काढलं. सडक्या माशाचा वास सगळ्या खोलीत पसरला. बाटल्या बुचापर्यंत भरलेल्या, अंधारात ठेवलेल्या आणि उन्हात तापलेल्या. आत नुसते जंतू वळवळत होते. दुसऱ्या खेपेला तेच झालं. सरांनी खिडक्या उघडल्या आणि म्हणाले, "सुरसागर अजून आहे बरं का जागेवर."

"मी स्वतः जाऊन आणते," मी म्हणाले.

हे म्हणणं सोपं होतं. घरी बाबा होते आणि आत्या होती. आई मी लहान असतानाच गेली. बाबांची थोरली विधवा बहीण, माझी आत्या, तिनं मला वाढवलं. बाबा सरकारी फौजेतून निवृत्त झाले होते आणि तरुणपणी त्यांची नेमणूक ओखामंडळातच झाली होती. त्या मुलखाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं.

"तिथं काय आहे? निवडुंग, वारा आणि हिवताप," बाबा म्हणाले. "मी तापानं फणफणलेला असताना तिथल्या तंबूत पडून होतो, पाणी विचारायला माणूस नव्हतं. तिथं मी माझी मुलगी पाठवू? आणि कोणाबरोबर?"

"सर बरोबर विद्यार्थी देतील."

"म्हणजे मुलगे. छान."

मी ताट पुढं ओढलं नाही. आत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. ती मागं वळून न बघता म्हणाली, "ओखा म्हणजे ते बेट द्वारकेला होडीत बसतात तेच ने?"

"तेच," मी म्हणाले.

"मग मी जाते हिच्याबरोबर. द्वारका करायची राहिलीय माझी. तू नेणार नेणार म्हणत म्हातारा झालास."

"अक्का, ही यात्रा नाही. पोरीचं काहीतरी कॉलेजचं तोफान आहे."

"तिचं तोफान ती करील, माझं दर्शन मी करीन. गाडी तर एकच आहे."

बाबा थोरल्या बहिणीपुढं फारसं बोलत नसत. जेवण संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कोयनेलच्या गोळ्या बरोबर घ्याल ना?" आणि मी पुढं ओढलेल्या ताटाकडे पाहून ते हात धुवायला उठले.

समुद्रातल्या इतक्या बारीक गोष्टी गोळा करायला रेशमी जाळं लागतं. पिठाच्या गिरणीत मैदा चाळायला जे दाट विणीचं रेशमी कापड लावतात त्याचंच ते शिवतात. कॉलेजात एक होतं, पण ते उंदरांनी कुरतडलेलं. आत्यानं ते उजेडात धरलं, भोकं बघितली आणि दोन दिवस खिडकीत बसून ते इतक्या बारीक टाक्यांनी रफू केलं की सरांनी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "हे कुठं दुरुस्त करून आणलं?" "घरी," मी म्हणाले. सरांनी मला तोंडापर्यंत पाणी भरू नका, बाटल्या अर्ध्याच भरा, वर हवा ठेवा, ओलं फडकं गुंडाळा असं बजावून सांगितलं. तेव्हा मला वाटलं की आता सरही जरासे माझ्या बाजूला आले.

आम्ही थंडीच्या दिवसांत निघालो. द्वारकेला आत्यानं दर्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी ओख्याला बेटावर जाणाऱ्या शिडाच्या होडीत आम्ही यात्रेकरूंबरोबर बसलो. मी होडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. होडी किनाऱ्यापासून सुटली तशी मी जाळं मागं सोडलं. होडीतल्या बायका बघत राहिल्या. एकीनं आत्याला विचारलं, "मासे धरते का ही?"

आत्या कट्टर माळकरी. ती ताठ झाली. "मासे कशाला? दिसत नाही असं काहीतरी धरते."

वारा वाढला. होडी कलली. दोर माझ्या हातातून सरकायला लागला आणि तळहात सोलवटला. आत्याला मळमळत होतं, तिनं पदर तोंडाशी धरला होता. पण दोर सुटतोय हे पाहताच तिनं पदर सोडला, दोन्ही हातांनी दोर पकडला आणि पाय होडीच्या लाकडाला रोवून बसली. "ओढ!" ती म्हणाली. "बघतेस काय, ओढ!" आम्ही दोघींनी जाळं वर घेतलं. टोकाशी बांधलेल्या बाटलीत फिक्कट सोनेरी पाणी आलं होतं. मग आत्या होडीच्या कडेला वाकली आणि तिचं सकाळचं सगळं उलटून पडलं. तोंड धुऊन ती म्हणाली, "परत येताना पुन्हा टाकायचं का?"

"हो."

"मग मी बेटावर काही खात नाही."

परतीच्या प्रवासात, काठियावाडातून बाहेर पडताना, एका स्टेशनावर जकातीची तपासणी होती. सगळ्यांना सामान उघडायला लावत होते. खाकी कोटातल्या माणसानं माझी टोपली उघडली, ओली फडकी बाजूला केली आणि गुजरातीत विचारलं, "बेन, आमां शुं छे?" म्हणजे यात काय आहे.

"दरियानुं पाणी," मी म्हणाले.

त्यानं बूच काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट पाणी नेता येणार नाही, ते मीठच झालं, बाटल्या इथंच ओता, असं तो म्हणाला. त्या दिवसांत मिठाच्या नावानंसुद्धा सरकारी माणसाचे कान उभे राहत. मी त्याला समजावायला लागले की यात वनस्पती आहेत, त्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा अभ्यास करायचा आहे. मी जितकं बोलत गेले तितका त्याचा चेहरा कठीण होत गेला. दिसत नाही अशा वस्तूवर त्यानं का विश्वास ठेवावा? त्यानं एक बाटली उचललीसुद्धा.

आत्यानं मला दंडाला धरून मागं सारलं. "अरे भाई," ती अर्ध्यामुर्ध्या गुजरातीत म्हणाली, "द्वारकानो दरियो छे ए. द्वारकाधीशाच्या पायाचं पाणी जमिनीवर ओतशील तू?"

तो माणूस थांबला. त्यानं आत्याच्या गळ्यातली माळ पाहिली, कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा पाहिला. मग त्यानं बाटली कपाळाला लावली, स्वतःच बूच बसवलं आणि टोपलीत हलकेच ठेवली.

गाडी सुटल्यावर मी रागानं म्हणाले, "तू त्याला खोटं सांगितलंस."

"काय खोटं? द्वारकेचं पाणी नाही हे?"

"आहे."

"मग?" तिनं टोपली मांडीवर घेतली. "तू खरं सांगत होतीस ने, तर तो ओतून टाकत होता."

बडोदं येईपर्यंत आम्ही आळीपाळीनं त्या फडक्यांवर पाणी शिंपडत होतो आणि दर स्टेशनाला बुचं उघडून हवा देत होतो.

कॉलेजात सरांनी पहिला थेंब स्वतः काचेवर घेतला. बराच वेळ ते नळीवरून डोळा काढेनात. मग बाजूला झाले. मी पाहिलं. सोनेरी ठिपके भरलेले काचेचे डबे, आणि त्यांतले काही होडीच्या आकाराचे डबे खरोखरच पुढं सरकत होते. जिवंत होते.

ही झाली सुरुवात. पुढं जे झालं ते इतकं चटकन सांगून संपणारं नाही. मी एक गोल डबीच्या आकाराची जात निवडली. दिव्यावर तापवून ओढलेल्या केसासारख्या काचनळीनं एकेक पेशी उचलायची, स्वच्छ थेंबात धुवायची, पुन्हा उचलायची, आणि चंचूपात्रात एकटी सोडायची. श्वास जोरात घेतला तरी ती हरवायची. कितीतरी हरवल्या. ज्या रुजल्या त्या थोड्या वाढल्या आणि मग तपकिरी होऊन तळाला बसल्या.

सरांनी कुठल्यातरी जर्मन लेखात वाचलं होतं की समुद्राच्या पाण्यात मातीचा अर्क घातला तर पेशी जगतात. माती पाण्यात उकळायची, निवळू द्यायची, गाळायची आणि ते चहासारखं पाणी थोडंसं मिसळायचं. गाळलेलं समुद्राचं पाणी ओख्याहून येत होतंच. ते शिळं झालं तरी चालत होतं. मी कॉलेजच्या बागेतली माती घेतली. तिच्यात शेणखत होतं. चार दिवसांत सगळं जंतूंनी गढूळ. नदीकाठची घेतली, तिनं काहीच फरक पडला नाही.

एके सकाळी बाबा फिरून आले ते रुमालाची पुरचुंडी घेऊन. ती माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "ही गोरवा गावाकडची माती. पडीक जमीन आहे, वर्षानुवर्षं खत पडलेलं नाही. बघ चालते का."

बाबा माझ्या कामाबद्दल एक अक्षर बोलत नसत. आत्यानं त्यांना जेवताना सगळं सांगितलं असावं. गोरव्याची माती बरी निघाली. वासणा गावाच्या बाजूची काळी, शेताच्या बांधावरची, त्याहून चांगली. बाबा मग वासण्यापर्यंत फिरायला जाऊ लागले.

पेशी वाढायला लागल्या आणि उन्हाळा आला. कॉलेजची खोली भट्टीसारखी तापायची. आमच्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, घरात सगळ्यांत थंड जागा म्हणजे पाणियारं, पिण्याचे माठ ठेवायचा दगडी ओटा. त्याच्यावर उत्तरेची जाळी होती, तिथून मऊ उजेड यायचा. मी आत्याला विचारलं.

"पिण्याच्या पाण्याशेजारी?" आत्या म्हणाली. "ती घाण?"

"घाण नाही, आत्या. करंडे आहेत. झाकणाचे." तिला मी सरांच्या परवानगीनं एकदा कॉलेजात नेऊन दाखवले होते आणि तीच त्यांना करंडे म्हणाली होती.

तिनं माठ एका बाजूला सारले. "माझ्या माठाला शिंतोडा लागला तर बाहेर फेकीन." वैशाखभर चंचूपात्रं तिथं राहिली. दुपारी त्यांच्याभोवतीचं फडकं ओलं ठेवायचं काम आत्यानं आपणहून घेतलं, आणि मला सांगितलं मात्र नाही. मी कॉलेजातून आल्यावर फडकं नेहमी ओलं असायचं, म्हणून कळलं.

पाऊस पडल्यावर चंचूपात्रं परत कॉलेजात नेली. मी दर आठवड्याला पेशींचा व्यास मोजत होते. त्या खरंच लहान होत चालल्या होत्या. पावसाळा सरता सरता बहुतेक पेशी ओख्याहून आणल्या तेव्हाच्या निम्म्याही राहिल्या नव्हत्या. काहींची कवचं वेडीवाकडी झाली. सरांनी पाहिलं आणि मान हलवली.

"दुबळ्या झाल्या आहेत. संपत आल्या. लहान कशा होत गेल्या एवढं तुमच्याकडे आहे, त्यावर लिहा. वाईट प्रबंध होणार नाही."

"पण मोठ्या होताना पाहिल्या नाहीत, सर."

"प्रत्येक गोष्ट आपल्याला दिसेलच असं नाही."

"अजून मेल्या नाहीत ना? मग मी थांबते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थोडा आवाज चढवून म्हणाले, "हट्ट आणि संशोधन यांत फरक असतो."

"हो सर," मी म्हणाले आणि चंचूपात्रं उचलून खिडकीकडे नेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. घरी आल्यावर मी आत्याजवळ रडलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेले आणि सगळ्यांचं पाणी बदललं. नवं पाणी, ताजा अर्क, आणि खिडकीचा उघडा उजेड. मला तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून केलं.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी थेंब काचेवर घेतला, आणि एका डबीचं झाकण आणि तळ एकमेकांपासून दूर गेलेले दिसले. मधे एक गोल, पातळ कातड्याचा फुगा. पहिल्यांदा वाटलं पेशी फुटली. पण फुग्यात सोनेरी ठिपके नीट पसरलेले होते, शांत होते. मी सरांना बोलावलं नाही. मला खात्री करायची होती. थेंब सुकू नये म्हणून कडेनं पाणी देत मी खिडकीपाशी बसून राहिले. दुपारी आत्यानं डबा पाठवला तो तसाच राहिला. फुगा वाढत गेला. जुनं झाकण त्याच्या डोक्यावर टोपीसारखं बसलं. ऊन उतरायच्या आत त्या फुग्याच्या आत नव्या कवचाची रेघ उमटली, रुंद, सरळ, आधीच्या डबीच्या दुपटीहून मोठी.

मग मी सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. "सर, या."

त्यांनी पाहिलं. माझ्या खुर्चीत बसून पुन्हा नळीला डोळा लावला. मग खुर्ची मागं सरकवून उठले आणि ती माझ्यापुढं केली. "बसा," ते म्हणाले. "किती वेळ उभ्या आहात?" मी तर बसूनच होते. पण त्यांना दुसरं काही म्हणायचं होतं आणि ते त्यांना जमलं नाही, हे मला समजलं.

एक पेशी म्हणजे पुरावा नव्हे. त्यानंतरचे महिने मी तेच पुन्हा पुन्हा केलं. मोठ्या पेशींना नवं पाणी आणि उजेड दिला तर त्या नुसत्या दुभागत. एका मापाखाली गेलेल्या पेशींना तेच दिलं तर त्यांतल्या बऱ्याच फुगत. सर आता रोज सकाळी येऊन विचारायचे, "आज किती फुगल्या?" आणि विद्यार्थ्यांना ओळीनं उभं करून दाखवायचे.

प्रबंधाच्या परीक्षेला मुंबईहून एक परीक्षक आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चित्रं पाहिली, मापं पाहिली आणि म्हणाले, "समुद्रापासून इतक्या लांब, बाटलीत कोंडलेल्या पेशी. आजारी पेशीही फुगतात. यांना तुम्ही निरोगी कशावरून म्हणता?"

हा प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी विचारला होता. "त्यांची पोरं दाखवते," मी म्हणाले.

मी खिडकीतलं चंचूपात्र आणलं. एका फुगलेल्या पेशीपासून वाढवलेली ती वस्ती होती. तिच्यातली प्रत्येक पेशी रुंद, कवच सरळ, नक्षी स्वच्छ. थेंब काचेवर घेतला तेव्हा एक पेशी नेमकी दुभागत होती. परीक्षक वाकले. त्यांनी स्वतःच्या हातानं दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. सर कोपऱ्यात उभे होते आणि घड्याळाची साखळी बोटाभोवती गुंडाळत होते.

"या पाण्यात माती कुठली घालता?" परीक्षकांनी अखेर विचारलं.

"वासण्याची, सर."

"मला थोडी द्या. मुंबईत आमच्या सगळ्या मरतात. आणि तिथं तर समुद्र खिडकीखाली आहे."

पदवी मिळाली. कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायचं काम मिळालं. बाई शिकवते म्हणून पहिल्या तासाला मुलगे बाकं वाजवायचे, मग थांबले. आत्यानं पोळीत सगळीकडे सांगितलं की पोरीला करंड्यांनी पास केलं, आणि त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही.

काम सुरू झालं त्या सोमवारी सरांनी विचारलं, "आता काय घेणार?"

होडीच्या आकाराची, ती सरकणारी जात मी आणल्यापासून जगवू शकले नव्हते. किती वेळा लावली तितक्या वेळा मेली. मी कपाटातून धुतलेली चंचूपात्रं काढून टेबलावर मांडत होते.

"सरकणारी," मी म्हणाले.

"ती जगत नाही," सर म्हणाले, आणि बाह्या सारून माझ्या शेजारी काचनळी ओढायला बसले.